पाचवा चार्ल्स : लढाया जिंकणारा, पगार थकवणारा सम्राट

हिशेबनीस (धागाकर्ता)

१५२३ साली आउग्सबुर्गच्या याकोब फुग्गर नावाच्या सावकाराने युरोपातल्या सगळ्यात मोठ्या राजाला वसुलीचं पत्र धाडलं. भाषा अदबीची, पण मतलब असा, की माझ्या मदतीवाचून महाराजांना रोमन मुकुट मिळाला नसता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी माझी रक्कम व्याजासह चुकती व्हावी. सम्राटाने त्याला कोठडीत टाकलं नाही. पुढची उचल त्याच्याकडूनच घ्यायची होती.

पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स (स्पेनमध्ये पहिला कार्लोस) याच्यावर मराठीत लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा. त्याच्या पदव्या, राजवाडे आणि ती प्रसिद्ध लांब हनुवटी यांवर भरपूर बोललं जातं. माझा रस त्याच्या खतावणीत आहे. माझं म्हणणं असं : चार्ल्स रणांगणावर क्वचितच हरला, पण जिंकलेलं पदरात पाडून घ्यायला लागणारी रोकड त्याच्याकडे जवळजवळ कधीच नव्हती. त्याची निम्मी कारकीर्द यातून उलगडते.

जन्म २४ फेब्रुवारी १५००, गेंट शहरात. राज्य मिळालं ते नात्यातल्या माणसांच्या मृत्यूंमुळे. मामा आधीच गेलेला, मावशीचा लहानगा मुलगा १५०० मध्ये गेला, आजी इसाबेला १५०४ मध्ये, बाप फिलिप १५०६ मध्ये. आई हुआना हयात होती, पण तिला वेडी ठरवून तोर्देसियासला कोंडलं होतं. १५१६ मध्ये आजोबा फर्डिनांड गेले आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हाती कास्तिल, आरागॉन, नेपल्स, सिसिली आणि अमेरिकेतल्या वसाहती आल्या. बापाकडून नेदरलँड्स मिळालेलंच होतं. १५१९ मध्ये दुसरे आजोबा मॅक्सिमिलियन वारले आणि ऑस्ट्रियाही आलं.

सम्राटपद मात्र वारशाने मिळत नसे. सात इलेक्टर मत देत, तीन आर्चबिशप आणि चार राजे-सरदार. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिसही उभा होता आणि दोन्हीकडून बोली चढत गेली. चार्ल्सचा खर्च साडेआठ लाख फ्लोरिनच्या घरात गेला. त्यातले पाच लाख त्रेचाळीस हजार एकट्या फुग्गरचे. २८ जून १५१९ ला फ्रँकफर्टमध्ये एकमताने निवड झाली. एकमत इतकं महाग क्वचितच पडलं असेल.

ती रक्कम फेडायची कुणी? मुख्यतः कास्तिलने. दोनच वर्षांपूर्वी हा पोरगा स्पॅनिश न येता, फ्लेमिश दरबाऱ्यांचा लवाजमा घेऊन तिथे उतरला होता. टोलेडोचं आर्चबिशपपद, स्पेनमधलं सगळ्यात श्रीमंत, त्याने आपल्या मुख्य सल्लागाराच्या वीसेक वर्षांच्या पुतण्याला देऊन टाकलं. वर नवे कर. १५२० मध्ये शहरं पेटून उठली (कोमुनेरोंचं बंड), २३ एप्रिल १५२१ ला वियालारला त्यांचा मोड झाला आणि हुआन दे पादिया वगैरे पुढाऱ्यांची डोकी उडाली. त्याच एप्रिलमध्ये चार्ल्स स्वतः वर्म्सच्या साम्राज्यसभेत धर्मसुधारक मार्टिन लूथरपुढे बसला होता. एकविसाव्या वर्षी एकाच महिन्यात हे दोन्ही.

आता लढाया. पाविया आधी घेतो, कारण सगळं रहस्य तिथे आहे.

१५२४ च्या हिवाळ्यात फ्रान्सिसने उत्तर इटलीतल्या पावियाला वेढा घातला. आत चार्ल्सचा सेनापती अंतोनियो दे लेइवा अडकला होता. त्याने शिपायांचा पगार भागवायला चर्चमधली चांदी वितळवली. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचीही तीच गत, पगार थकलेला. सेनापतींपुढे दोनच वाटा होत्या : लढायचं, नाहीतर फौज पांगताना बघत बसायचं. २४ फेब्रुवारी १५२५ च्या पहाटे ते शिकारखान्याची भिंत फोडून आत शिरले. स्पॅनिश बंदूकवाल्यांनी फ्रेंच घोडदळाची चाळण केली आणि खुद्द फ्रान्सचा राजा जिवंत हाती लागला. त्या दिवशी चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस होता. तो स्वतः तिथे नव्हता, माद्रिदला होता. बातमी आल्यावर त्याने दिवे-आतषबाजी करू दिली नाही, प्रार्थनेला गेला.

शत्रूचा राजा कैदेत, त्याची फौज संपलेली. अशा वेळी फ्रान्समध्ये घुसायचं, नाही का? घुसायला पैसा कुठे होता. मग तह. जानेवारी १५२६ मध्ये फ्रान्सिसने माद्रिदला बर्गंडी देण्याची शपथ घेतली, दोन मुलगे ओलीस ठेवले, सरहद्द ओलांडली आणि शपथ मोडली. वर पोप सातवा क्लेमेंट, व्हेनिस आणि इतरांना जोडीला घेऊन कोन्याकची युती उभी केली.

दरम्यान इटलीतली फौज उपाशी. जर्मन भाडोत्री शिपायांचा (लान्ट्सक्नेख्ट) म्हातारा नायक गेओर्ग फॉन फ्रुन्ड्सबेर्ग त्यांना मुलांसारखा सांभाळायचा. मार्च १५२७ मध्ये त्याच मुलांनी पगारासाठी त्याच्यावर भाले रोखले आणि भर फौजेसमोर त्याला झटका आला. तो पुन्हा धड उभा राहिला नाही. मग ही वीसेक हजारांची झुंड रोमकडे वळली, कारण रोममध्ये सोनं होतं. ६ मे १५२७ च्या धुक्यात सेनापती बूर्बों शिडीवर गोळी लागून मेला आणि आवरणारं कुणी उरलं नाही. १८९ स्विस गार्डांपैकी १४७ पडले, पोप सांत’आंजेलोच्या किल्ल्यात पळाला, आणि कॅथलिक सम्राटाच्या फौजेने कॅथलिक जगाची राजधानी महिनोन्‌महिने लुटली. चार्ल्सने हा हुकूम दिला नव्हता. पगारही दिला नव्हता.

पुढचं भराभर. १५२९ चा काम्ब्रेचा तह चार्ल्सची आत्या मार्गारेट आणि फ्रान्सिसची आई लुईज यांनी घडवला. १५३० मध्ये बोलोन्याला त्याच क्लेमेंटने चार्ल्सला राज्याभिषेक केला. पोपच्या हातून मुकुट घेणारा हा शेवटचा पवित्र रोमन सम्राट. १५३५ मध्ये त्याने जातीने ट्युनिसवर स्वारी केली, तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा याला हुसकलं आणि हजारो ख्रिस्ती कैदी सोडवले. १५४१ मध्ये अल्जीयर्सला वादळाने शेदीडशे जहाजं बुडवली. १५४७ मध्ये म्यूलबेर्गला प्रोटेस्टंट सरदारांचा धुव्वा उडवला आणि पाच वर्षांत ते सगळं हातचं गेलं. १५५५-५६ मध्ये त्याने एकेक मुकुट उतरवून ठेवला आणि २१ सप्टेंबर १५५८ ला स्पेनमधल्या युस्तेच्या मठात तो वारला.

म्यूलबेर्गनंतरच्या पाच वर्षांवर प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हा धागा रबरासारखा ताणेल.

---

चिंचपाणी

मस्त. वाचतेय. पावियाची पगारवाली बाजू माहीत नव्हती, शाळेत फक्त लूथर आणि वर्म्स होतं.

एक प्रश्न. लूथर समोर उभा होता तर त्याला सोडलं का? शंभर वर्षांपूर्वी बोहेमियाच्या यान हुस या धर्मसुधारकाला जाळलंच होतं ना?

---

हिशेबनीस

हुसलाही अभयपत्र देऊन बोलावलं होतं आणि मग १४१५ मध्ये जाळलं. त्याचा डाग पुसला नव्हता. चार्ल्सने लूथरला दिलेलं अभय पाळलं, मे १५२१ च्या फर्मानाने त्याला कायद्याबाहेर घोषित केलं, पण लूथर तोवर निघून गेला होता. त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात दडवणारा सॅक्सनीचा फ्रेडरिक म्हणजे त्या सात इलेक्टरांपैकीच एक. ज्याच्या मताने मुकुट मिळाला त्याच्याशी दोनच वर्षांत कसं बिघडवणार?

आणि पुन्हा पैसा आलाच. तुर्कांचा सुलतान सुलेमान १५२९ मध्ये व्हिएन्नाच्या तटापर्यंत आला. १५३२ मध्ये पुन्हा चालून आला. तुर्कांविरुद्ध जर्मन संस्थानांकडून फौज आणि निधी हवा, तर त्यातल्या प्रोटेस्टंटांना दुखवून चालत नसे. म्हणून १५३२ मध्ये न्युर्नबर्गला त्यांच्याशी तात्पुरता समझोता झाला. लूथरचा पंथ तगला त्यात सुलेमानाचा वाटा किती, हे कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

---

फोंडेकार

लेख आवडला. गोव्याचा धागा मी जोडतो, तो ओढूनताणून आणलेला नाही.

१५२१ मध्ये फ्रेंच आणि नवारी फौज पाम्प्लोनावर आली. किल्ल्यात चार्ल्सच्या बाजूने लढणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या (पुढे जेझुइट संघ काढणारा तोच) पायावर तोफेचा गोळा आदळला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं आयुष्य पालटलं. समोरच्या, म्हणजे नवारच्या, बाजूने लढणाऱ्यांत हाविएर घराण्याचे दोन भाऊ होते. त्यांच्या घरच्या गढीचे बुरूज स्पेनने आधीच पाडून टाकले होते. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे पॅरिसला शिकायला गेला आणि तिथे एकाच खोलीत त्याची लोयोलाशी गाठ पडली. तोच आमचा गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. (रोम लुटलं त्याचीही तारीख ६ मे. योगायोग, दुसरं काही नाही.)

दुसरं म्हणजे त्या वेळी गोव्यावर राज्य असलेला पोर्तुगालचा तिसरा जॉन हा चार्ल्सचा दोन्हीकडून मेव्हणा. त्याची बहीण इसाबेला चार्ल्सची राणी आणि चार्ल्सची बहीण कातालिना त्याची राणी. इसाबेलेशी लग्न १५२६ मध्ये सेव्हियाला झालं, हुंडा नऊ लाखांचा. हिशेबनीस, ही जमेची बाजू तुम्ही सोडून दिलीत.

---

हिशेबनीस

@फोंडेकार, जमा झाली तशीच गेली, म्हणून सोडली :) पण हाविएरांची कथा झकास.

पोर्तुगालकडून अजून एक मोठी रक्कम आली होती. मॅगेलनची मोहीम १५१९ मध्ये चार्ल्सच्या नावाने निघाली. तो स्वतः वाटेत मारला गेला आणि १५२२ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज, अठरा माणसं आणि लवंगांची पोती घेऊन सेव्हियाला परत आलं. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा झाली, मसाल्याच्या बेटांवर दावाही सांगता आला. १५२९ मध्ये चार्ल्सने तो दावा सारागोसाच्या तहात साडेतीन लाख डुकाटांना मेव्हण्याला विकून टाकला. इटलीला जायचा खर्च उभा करायचा होता.

---

वसईचा_वारा

आणि १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी पडल्यावर चार्ल्सचा इसाबेलेच्या पोटचा मुलगा फिलिप आईकडून हक्क सांगत तिथे बसला. म्हणून पुढची साठ वर्षं गोवा, वसई, चौल सगळं चार्ल्सच्या वंशजांच्या मुकुटाखाली होतं. आमच्याकडे किल्ला बघायला येणाऱ्यांना हे सांगितलं की ते चकित होतात. कारभार पोर्तुगीजच होता, राजा तेवढा माद्रिदचा.

---

सडेतोड_सदू

लेख रंजक आहे, पण थोडा असहमत. सगळं खापर तिजोरीवर फोडलं की चार्ल्स सुटतो. पैसा का कमी पडत होता? कारण हा माणूस काहीही सोडायला तयार नव्हता!

माद्रिदच्या तहात बर्गंडी मागायची गरज काय होती? ते फ्रान्सच्या अंगाचा भाग होतं, कुठलाही फ्रेंच राजा ते देणार नव्हता. पण चार्ल्सच्या डोक्यात पणजोबांची बर्गंडी. त्याने फ्रान्सिसला पाळता येणार नाही अशीच शपथ घ्यायला लावली आणि ती मोडल्यावर रागाने द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. एकदा नाही, १५३६ मध्ये रोममध्ये पोपसमोर पुन्हा. आव्हान देऊन काय होतं? फ्रान्सलाही हवं असलेलं एक मिलान सोडलं असतं तर तीस वर्षांची भांडणं मिटली असती.

---

हिशेबनीस

@सदू, मिलान सोडायची वेळ एकदा आली होती. १५४४ च्या क्रेपीच्या तहात फ्रान्सिसच्या धाकट्या मुलाला, ऑर्लेयाँच्या ड्यूकला, एकतर चार्ल्सची मुलगी नेदरलँड्ससकट किंवा पुतणी मिलानसकट देण्याचं ठरलं. चार्ल्सने दरबारात त्यावर खल करवला आणि मिलान द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी तो ड्यूकच मेला. चार्ल्सला केवढं हायसं वाटलं असेल.

बर्गंडीबद्दल तुमचं पटतं. तिथे हिशेब नव्हता, हट्ट होता. पण मिलान नुसता अहंकार नव्हता. स्पेनमधून फौज जेनोआला उतरवायची आणि आल्प्स ओलांडून जर्मनीत न्यायची, तर वाट मिलानवरून जाते. जेनोआचा आंद्रेआ दोरिया १५२८ मध्ये फ्रेंचांना सोडून चार्ल्सकडे आला त्यानंतर ही वाट खरी उघडली. दोरियाबरोबर जेनोआचे सावकारही आले, हेही खरं.

---

ओवी_अभंग

सगळ्या पुरुषांच्या लढाया चाललेल्या आहेत म्हणून जरा आत डोकावते.

हुआनाला १५०९ पासून तोर्देसियासला ठेवलं होतं. आधी बापाने, मग मुलाने. कागदोपत्री मात्र ती अखेरपर्यंत राणी होती आणि फर्मानांवर तिचं नाव मुलाच्या आधी येई. १५२० मध्ये बंडखोर तिच्यापर्यंत पोचले. एक सही केली असती तर चार्ल्सची राजवट बेकायदा ठरली असती. तिने सही केली नाही. बक्षीस काय मिळालं, तर पुढची पस्तीस वर्षं त्याच भिंती. १२ एप्रिल १५५५ ला सुटली, मरणानेच. वर फोंडेकार म्हणतात ती कातालिना बापाच्या मृत्यूनंतर जन्मली आणि पोर्तुगालला लग्न होऊन जाईपर्यंत आईबरोबर तिथेच वाढली. गोव्यावर हुकूम सुटायचे त्या दरबारातली राणी कोंडलेल्या खोल्यांतून आलेली होती.

दुसरी गोष्ट : चार्ल्स सतत प्रवासात, मग राज्य कोण चालवत होतं? नेदरलँड्स आधी आत्या मार्गारेटने, १५३१ पासून बहीण मेरीने. स्पेन त्याच्या गैरहजेरीत बायको इसाबेलेने. ती १ मे १५३९ ला बाळंतपणात गेली, त्यानंतर तो आयुष्यभर काळ्या कपड्यांत राहिला. या बायकांच्या जीवावर तो ट्युनिसला गेला. मेरीची पत्रं तर अशी रोखठोक, की भावाला जे ऐकायचं नाही तेच आधी.

---

चिंचपाणी

+१. मेरी म्हणजे मोहाचला नवरा गमावलेली तीच ना?

---

ओवी_अभंग

हो, तीच. हंगेरीचा राजा दुसरा लुई, २९ ऑगस्ट १५२६. पळताना ओढ्यात बुडाला. मेरी विशीत विधवा झाली आणि भावाने आग्रह करूनही पुन्हा लग्न केलं नाही.

---

ल्यूव्हनवासी

बेल्जियममधून लिहितोय. गेंटच्या लोकांना चार्ल्स आमचा म्हणायचा की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही. १५३७ मध्ये त्यांनी फ्रान्सविरुद्धच्या लढाईचा कर द्यायला नकार दिला आणि मग सरळ बंड केलं. चार्ल्स फौज घेऊन आला, तोही चक्क फ्रान्समधून, फ्रान्सिसचा पाहुणा म्हणून! १५४० मध्ये शहराचे सगळे हक्क काढून घेतले, मोठी घंटा उतरवली, एका मठाच्या जागी गढी बांधली आणि प्रतिष्ठित नागरिकांना अनवाणी, अंगात नुसते सदरे, काहींच्या गळ्यात फास, अशा वेषात माफी मागायला लावली.

तेव्हापासून गेंटकरांना ‘फासवाले’ म्हणतात आणि आता ते हे नाव मिरवतात. जुलैच्या जत्रेत पांढरे सदरे घालून, गळ्यात फास अडकवून मिरवणूक निघते. बघण्यासारखी असते, बिअर घेऊन उभं राहावं.

---

डॉ_निवृत्त

बिअरवरून आठवलं. चार्ल्सला तिशीच्या आतच गाउट (सांधे सुजून दुखण्याचा विकार) जडला. तो खराच गाउट होता याचा पुरावा आहे. त्याच्या करंगळीचा एक तुकडा वेगळा जपलेला होता. स्पॅनिश डॉक्टरांनी तो तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. युरिक आम्लाच्या स्फटिकांनी हाड पोखरलेलं. मांस, मासे, अँकोव्ही आणि थंडगार बिअर हा आहार त्याने वैद्यांनी कितीही सांगितलं तरी सोडला नाही. युस्तेच्या मठातसुद्धा फ्लेमिश बिअर गाळणारा बरोबर होता. मृत्यू मात्र मलेरियाने.

पेशंट म्हणून अत्यंत अवघड माणूस. असे मी बरेच पाहिले आहेत.

---

हिशेबनीस

म्यूलबेर्गनंतरचं राहिलं होतं, ते आता लिहितो. डॉक्टरांचा गाउट इथे कामाला येईल.

२४ एप्रिल १५४७. एल्ब नदीच्या एका काठाला चार्ल्स, दुसऱ्या काठाला सॅक्सनीचा योहान फ्रेडरिक. मूठभर स्पॅनिश शिपाई तलवारी दातांत धरून पोहत गेले आणि शत्रूच्या होड्या ओढून आणल्या. संध्याकाळपर्यंत योहान फ्रेडरिक कैदेत होता. चित्रकार टिशियनचं ते प्रसिद्ध चित्र याच दिवसाचं. काळ्या घोड्यावर, चिलखतात, हातात भाला घेतलेला सम्राट, आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. चित्रातला माणूस सत्तेचाळीस वर्षांचा आणि बरेचदा पालखीतून फिरणारा आहे, हे मात्र टिशियनने कळू दिलेलं नाही.

हा विजय मिळवून देणाऱ्यांत सॅक्सनीचाच दुसरा एक प्रोटेस्टंट होता, मॉरित्स. त्याला बक्षीस म्हणून योहान फ्रेडरिकचं इलेक्टरपद मिळालं. पण त्याचा सासरा, हेसेचा फिलिप, शरण आल्यावरही चार्ल्सने कैदेत टाकला आणि पाच वर्षं सोडला नाही. मॉरित्सने मनात ठेवलं. जानेवारी १५५२ मध्ये जर्मन सरदारांनी फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीशी करार केला : आम्हाला पैसा द्या, त्या बदल्यात मेत्स वगैरे शहरं घ्या. वसंतात मॉरित्स थेट इन्सब्रुकवर चालून आला. चार्ल्सकडे फौज नव्हती, फौजेला पैसा नव्हता. मे महिन्यात, रात्री, पावसात, दुखऱ्या पायांनी पालखीत बसून त्याने डोंगर ओलांडून फिलाख गाठलं.

आणि फिलाखला कुणी हात दिला? याकोबचा पुतण्या अंतोन फुग्गर. चार लाख डुकाट.

सदू, तुमच्या मुद्द्याला इथे बळ मिळतं. त्या पैशातून चार्ल्सने हिवाळ्यात मेत्सला वेढा घातला. सेनापतींनी नको म्हटलं होतं. आत फ्रेंचांचा सेनापती गीझचा ड्यूक, बाहेर बर्फ, चिखल आणि साथ. जानेवारी १५५३ मध्ये वेढा उठवावा लागला. तिथून तो सावरला नाही. सप्टेंबर १५५५ मध्ये आउग्सबुर्गला भाऊ फर्डिनांडने प्रोटेस्टंटांशी कायमचा तह केला, कारण त्यावर सही करण्याची चार्ल्सची तयारी नव्हती.

---

सडेतोड_सदू

पटलं, अर्धं :) पण पेरूचं सोनं-चांदी एवढं येत होतं ते कुठे जिरलं?

---

हिशेबनीस

येण्याआधीच गहाण पडलेलं असे. राजाचा हिस्सा खाणीतल्या चांदीचा पाचवा भाग. पेरूच्या इंका राजाच्या, अताहुआल्पाच्या, खंडणीचं सोनं १५३४ मध्ये सेव्हियाला आलं आणि पुढच्या वर्षी ट्युनिसवर खर्च झालं. अडल्यावर चार्ल्स व्यापाऱ्यांची खाजगी चांदीही बंदरात जप्त करी आणि त्यांच्या हातात वार्षिक व्याजाचे रोखे ठेवी. कास्तिलच्या तिजोरीने घेतलेल्या कर्जांवरचं सरासरी व्याज सुरुवातीच्या वर्षांत १८ टक्क्यांच्या आसपास होतं, १५५२ नंतर ते ४९ च्या घरात गेलं. १५५७ मध्ये मुलगा फिलिपने परतफेडच थांबवली आणि त्यात फुग्गरही पोळले.

---

ल्यूव्हनवासी

राज्यत्यागाचा प्रसंग मात्र लिहायला हवा होता. २५ ऑक्टोबर १५५५, ब्रसेल्स. एका हातात काठी, दुसरा हात तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्यावर. भाषणात चार्ल्सने आपले प्रवास मोजले : जर्मनीला नऊदा, स्पेनला सहादा, इटलीला सातदा, इथे नेदरलँड्सला दहादा, फ्रान्सला चारदा, इंग्लंडला दोनदा, आफ्रिकेला दोनदा. लोक रडत होते. फिलिपला फ्रेंचमध्ये नीट बोलता येईना म्हणून त्याचं भाषण दरबारी सल्लागार ग्रानव्हेलने केलं. आणि ज्याच्या खांद्यावर बापाने हात ठेवला होता, तोच पुढे मुलाविरुद्धच्या बंडाचा पुढारी झाला.

---

ओवी_अभंग

आणि मग मठात जाऊन घड्याळं दुरुस्त करत बसला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरंच संन्यास घेतला होता का त्याने?

---

हिशेबनीस

घड्याळं होती, ती सांभाळणारा हुआनेलो तुरिआनो हा कारागीरही होता. संन्यास नव्हता. पन्नासेक नोकर, बागेकडे उघडणारा बंगला, भिंतीवर टिशियन. आणि टपाल रोज.

१५५७ मध्ये सेव्हियाच्या बंदरात अमेरिकेहून आलेली चांदी जप्त करायचा हुकूम होता, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी व्यापाऱ्यांना त्यातली बरीच गुपचूप नेऊ दिली. युस्तेला हे कळल्यावर म्हातारा इतका भडकला, की कारभार पाहणाऱ्या मुलीला, हुआनाला, त्याने कळवलं : प्रकृतीने साथ दिली असती तर मी स्वतः सेव्हियाला जाऊन हे कुणी केलं ते शोधून काढलं असतं, त्या लोकांना बेड्या घाला, मालमत्ता जप्त करा.